बीडीएसला जायचंय, पुस्तकं स्टेट बोर्डाची: नीटची तयारी आणि परीक्षेचे तीन तास

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्र बोर्डाची बारावी सायन्स, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुप, पुढे बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) करायचं आहे. त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते का, सीईटीचे मार्क चालतात का, आणि बोर्डाचे पेपर संपल्यापासून परीक्षेपर्यंत नेमकं काय करायचं?

वेगळी परीक्षा नाही. एमबीबीएसला लागते तीच नीट-यूजी बीडीएसला लागते, मग कॉलेज सरकारी असो, खासगी असो की अभिमत विद्यापीठाचं. एमएचटी-सीईटीचे, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचे, मार्क इथे चालत नाहीत. हाताच्या कौशल्याची चाचणी नाही, मुलाखत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून तिकडच्या डॅट या दंत प्रवेश परीक्षेची पुस्तकं मागवणारे पालक असतात. त्या परीक्षेत आकृत्या आणि कोन ओळखण्याचा अख्खा विभाग आहे, पण इथल्या प्रवेशासाठी त्याचा काही उपयोग नाही.

२०२५ पासून पेपर असा आहे: १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ वजा, सोडलं तर शून्य. २०२१ ते २०२४ मध्ये २०० प्रश्नांतून १८० सोडवायची मुभा होती आणि २०२२ पासून २० मिनिटं जास्त मिळत. ती सोय गेली. त्या चार वर्षांचे पेपर घरी सोडवताना प्रत्येक विषयाचा ‘ब’ भाग, म्हणजे ही मुभा असलेला भाग, वेगळा काढा आणि फक्त सरावाला वापरा, नाहीतर वेळेचा अंदाज चुकतो.

बोर्डाकडे अगदीच दुर्लक्ष करू नका. बीडीएसच्या पात्रतेसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ३०० पैकी खुल्या प्रवर्गाला १५० आणि राखीव प्रवर्गाला १२० मार्क लागतात, शिवाय इंग्रजीसकट सगळे विषय पास. प्रत्येक विषयाच्या प्रॅक्टिकलचे ३० मार्क यात मोजले जातात, त्यामुळे बहुतेकांना हे जड नसतं. पण नीटला चांगले मार्क आणि बोर्डात १४६ अशी गाठ पडली की त्या वर्षी काही इलाज उरत नाही.

आता खरी अडचण. स्टेट बोर्डाच्या मुलांचे मार्क सगळ्यात जास्त जातात ते दोन पुस्तकांमधल्या फटीत. नीटचा पेपर एनसीईआरटीच्या (केंद्राच्या परिषदेच्या) पुस्तकांवर बेतलेला असतो आणि कॉलेजात वर्षभर बालभारतीचं पुस्तक चालतं. विषय तेच, पण धड्यांची वाटणी वेगळी. बेडूक घ्या. एनसीईआरटीच्या अकरावीत प्राण्याचं उदाहरण म्हणून बेडूक आहे, आपल्या अकरावीत त्या जागी झुरळ. नीटच्या अभ्यासक्रमात बेडकाचं नाव आहे. म्हणजे बेडकाची पचनसंस्था, रक्ताभिसरण, प्रजनन हे सगळं आपल्या मुलाने एकदाही वर्गात ऐकलेलं नसतं आणि झुरळ पाठ असतं. उलट बाजूही तशीच. बारावी केमिस्ट्रीतला सॉलिड स्टेट, पॉलिमर, ग्रीन आणि नॅनो केमिस्ट्री, बारावी बायोलॉजीतलं प्लांट वॉटर रिलेशन आणि मिनरल न्यूट्रिशन हे बोर्डाला लागतं, नीटला नाही. ‘एन्हान्समेंट ऑफ फूड प्रॉडक्शन’ या धड्यातला सूक्ष्मजीवांचा भाग तेवढा दोन्हीकडे चालतो. अकरावीतलं ह्यूमन न्यूट्रिशन, ज्यात दातांचं सूत्र येतं, तेही नीटच्या अभ्यासक्रमात राहिलेलं नाही. दंतवैद्य व्हायचं म्हणून ते आधी वाचायला घेणारे बरेच असतात. ते पहिल्या वर्षाला डेंटल ॲनाटॉमीत भरपूर येईल, आत्ता नको.

हे बदल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या परीक्षेपासून केले. त्यामुळे पहिलं काम हे: ज्या वर्षी परीक्षा द्यायची त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची प्रत छापून घ्यायची आणि प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचं, हा एनसीईआरटीत कुठल्या धड्यात आहे आणि आपल्या पुस्तकात कुठे. दोन तासांचं काम आहे. ते केलं की काही गोष्टी आपोआप दिसतात. रोटेशनल डायनॅमिक्स आणि आयॉनिक इक्विलिब्रिया आपल्याकडे बारावीत आहेत, म्हणजे ताजे आहेत. ऑप्टिक्समधले आरसे आणि भिंगं मात्र आपल्याकडे अकरावीत उरकतात आणि दीड वर्षात विसरली जातात. नीटमध्ये मार्क मिळवून देणारा हा धडा, तो पुन्हा काढायला हवा.

एक जागा अशी आहे जिथे आपलं पुस्तक वरचढ ठरतं. पी-ब्लॉकचे ग्रुप १३ ते १८ नीटच्या अभ्यासक्रमात आहेत, पण एनसीईआरटीच्या नव्या, छाटलेल्या आवृत्तीतून गेले. बालभारतीच्या अकरावीत १३, १४, १५ आणि बारावीत १६, १७, १८ व्यवस्थित दिलेले आहेत. तेच वाचा. तसंच वनस्पतींच्या कुळांचं. अभ्यासक्रमात माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कॉम्पोझिटी, ग्रॅमिनी ही नावं आहेत आणि नव्या एनसीईआरटीत ती सगळी मिळत नाहीत. या पाच कुळांची फुलसूत्रं आणि ओळखीची लक्षणं एका पानावर लिहून ते पान पुस्तकात चिकटवा.

बीडीएसचा विचार करणाऱ्याने ९० प्रश्नांच्या बायोलॉजीला निम्मा वेळ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एनसीईआरटीचे अकरावीचे १९ आणि बारावीचे १३, मिळून ३२ धडे. बोर्ड मार्चच्या मध्यावर संपलं आणि नीट मेच्या पहिल्या आठवड्यात असली तर साधारण ४८ दिवस मिळतात. ३२ दिवस रोज एक धडा, पुढचे १६ दिवस रोज दोन. असं पुस्तक दोनदा पूर्ण होतं.

वाचायचं कसं, हे श्वसनाच्या एका परिच्छेदावर दाखवतो. पुस्तकात चार आकडे दिलेले आहेत: टायडल व्हॉल्यूम ५०० मिली, इन्स्पिरेटरी रिझर्व्ह २५०० ते ३०००, एक्स्पिरेटरी रिझर्व्ह १००० ते ११००, रेसिड्युअल ११०० ते १२००. मूल हे चार आकडे पाठ करतं आणि पुढे जातं. पेपरात मात्र विचारतात फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी. म्हणून वाचतानाच बेरजा करून समासात लिहायच्या: इन्स्पिरेटरी कपॅसिटी ३००० ते ३५००, एक्स्पिरेटरी कपॅसिटी १५०० ते १६००, फंक्शनल रेसिड्युअल २१०० ते २३००, व्हायटल ४००० ते ४६००, टोटल लंग ५१०० ते ५८००. मग स्वतःला विचारायचं, यातल्या कुठल्या बेरजेत रेसिड्युअल येतो आणि कुठल्या नाही? स्पायरोमीटर रेसिड्युअल व्हॉल्यूम मोजू शकत नाही, म्हणजे ज्या बेरजेत तो आहे तीही मोजता येत नाही. एका परिच्छेदातून पाच-सहा प्रश्न निघाले. विधान १, विधान २ प्रकारचे आणि जोड्या लावायचे प्रश्न असेच तयार होतात. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पानावर निदान दोन प्रश्न पेन्सिलने लिहा. नुसतं रंगीत पेनने अधोरेखित केलेलं पान वाचल्यासारखं वाटतं, पण आठवत नाही.

जोड्यांच्या प्रश्नात चारही जोड्या तपासत बसू नका. जी एक जोडी नक्की माहीत आहे ती धरा आणि पर्याय गाळा. बऱ्याचदा एका जोडीने दोन पर्याय जातात, दुसरीने उत्तर सापडतं.

केमिस्ट्रीत फिजिकल, ऑर्गॅनिक, इनऑर्गॅनिक यांना साधारण सारखी जागा असते. फिजिकलची गणितं रोज १५ सोडवा, कॅल्क्युलेटरशिवाय. परीक्षेत तो नसतो आणि घरी मोबाइलवर गुणाकार करण्याची सवय तिथे नडते. लॉग २ म्हणजे ०.३०, लॉग ३ म्हणजे ०.४८, एवढं तोंडपाठ असलं की पीएच आणि कायनेटिक्सची बरीच गणितं सुटतात. अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल केमिस्ट्रीचा वेगळा घटक आहे: टायट्रेशन, सॉल्टचं विश्लेषण. तो जर्नलमधूनच करा, जर्नल फेकून देऊ नका.

फिजिक्स हा बहुतेकांचा कच्चा विषय. ते सगळं पक्कं करायच्या नादात बायोलॉजीचा वेळ जातो, म्हणून निवड करावी लागते. सात-आठ आठवड्यांत जमण्यासारखं: करंट इलेक्ट्रिसिटी, कपॅसिटर, रे ऑप्टिक्स, ड्युअल नेचर-अणू-अणुकेंद्रक, सेमीकंडक्टर, थर्मोडायनॅमिक्स आणि मोजमापं. यात सूत्रं कमी आणि प्रश्नांची ठेवण ओळखीची असते. व्हर्नियर आणि स्क्रू गेज तर सोडूच नका. स्क्रू गेजचं पिच ०.५ मिमी आणि चकतीवर ५० भाग असतील तर लघुतम माप ०.०१ मिमी, इथपर्यंत सगळे पोचतात. मार्क जातात ते शून्य त्रुटीच्या चिन्हावर. त्रुटी धन असेल तर वाचनातून वजा, ऋण असेल तर मिळवायची. प्रयोगशाळेत एकदा उपकरण हातात घेऊन हे केलेलं असेल तर परीक्षेत गोंधळ होत नाही.

मार्कांचा हिशेब आधीच मांडून घ्या. समजा ४८० चं लक्ष्य आहे. बायोलॉजीत ७८ बरोबर, १२ चूक म्हणजे ३१२ वजा १२, ३०० मार्क. केमिस्ट्रीत ३० बरोबर, १० चूक, ५ सोडले: ११०. फिजिक्समध्ये २० बरोबर, १० चूक आणि १५ सोडले तरी ७०. बेरीज ४८०. आता बायोलॉजीतल्या १२ चुकांपैकी ६ बरोबर झाल्या तर थेट ३० मार्क वाढतात, कारण चुकीचं उत्तर बरोबर झालं की ४ नाही, ५ मार्कांचा फरक पडतो. तेच ३० मार्क फिजिक्समध्ये मिळवायचे तर सोडलेल्यांपैकी आठ नवे प्रश्न बरोबर यावे लागतील. वेळ कुठे घालवायचा ते या हिशेबातून कळतं.

अंदाजाने उत्तर मारावं का, हा पुढचा प्रश्न. आकडे बघा. डोळे मिटून एक पर्याय निवडला तर सरासरी पाव मार्क मिळतो. असे दहा प्रश्न मारले तर तोटा होण्याची शक्यता साधारण २४ टक्के, हिशेब शून्यावर राहण्याची २८, फायद्याची ४७. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.६७, दोन बाद झाले तर १.५. कागदावर हे सगळं फायद्याचं दिसतं. पण खरं तर कोणी डोळे मिटून मारत नाही, अर्धवट आठवणीवर मारतो. आणि चुकीचे पर्याय त्या अर्धवट आठवणीला फसवण्यासाठीच बेतलेले असतात. म्हणून प्रत्येक सराव पेपरात अंदाजाच्या उत्तरापुढे खूण करा: दोन पर्याय उरले असतील तर २, तीन उरले तर ३, काहीच माहीत नसेल तर शून्य. दहा पेपरांनंतर मोजा. पाचात एक बरोबर येत असेल तर हिशेब बरोबरीत सुटतो, त्याहून कमी असेल तर त्या खुणेचे प्रश्न परीक्षेत सोडा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो.

मधे एप्रिलमध्ये एमएचटी-सीईटी येते. फार्मसीसाठी ती देत असाल तर चांगलंच आहे, पण तिथे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, परीक्षा संगणकावर असते आणि ८० टक्के भर बारावीवर. तिथून आल्यावर सगळे प्रश्न मारायची सवय हाताला चिकटते. सीईटीनंतरचा पहिला सराव पेपर नीटच्या पद्धतीने, ओएमआरवर (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर), मुद्दाम जास्त प्रश्न सोडून द्या.

सराव पेपर १२ ते १५ पुरेत. दुपारी २ ते ५ याच वेळेत द्या, जेवून, पंखा सोडून दुसरी सोय नसलेल्या खोलीत. मेमधली दुपारची झोप मोडायला दोन आठवडे लागतात. पेपर तीन तासांचा, तर तपासणीला चार तास ठेवा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली, गोल चुकीचा भरला. चुकांची ही चार खाती वेगळी ठेवा. ‘चुकीचे विधान कोणते’ असं विचारलेलं असताना बरोबर विधान निवडणं ही चूक दुसऱ्या खात्यात सारखी दिसते. प्रश्नातल्या ‘नॉट’ किंवा ‘इन्करेक्ट’ शब्दाला पेनने गोल करायची सवय लावली की ती बरीच कमी होते.

पेपर मराठीतूनही निवडता येतो. तेव्हा पुस्तिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत असते आणि फरक निघालाच तर इंग्रजी मजकूर धरला जातो. दहावीपर्यंत मराठी माध्यम असलं तरी अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीतून झालेलं असतं, त्यामुळे ‘तंतुकणिका’ (माइटोकॉन्ड्रिया) वाचून डोळे क्षणभर थांबतात. उलट फिजिक्सचं लांबलचक वाक्य मराठीत चटकन कळतं. फॉर्म भरण्याआधी मराठी पुस्तिकेचा एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा आणि मग ठरवा.

फॉर्म भरताना सगळ्यात मोठा गोंधळ प्रवर्गाचा. नीटच्या फॉर्ममध्ये ओबीसी म्हणजे केंद्राच्या यादीतले ओबीसी. राज्यात एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) असाल तर तो पर्याय तिथे नाही, तिथे जनरल किंवा पात्र असल्यास ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) लागतं. एसईबीसीचा दावा पुढे राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा कक्षाच्या) नोंदणीत करायचा असतो. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच्या तसं, आईवडिलांच्या नावाच्या स्पेलिंगसकट.

परीक्षेच्या दिवशी गेट दीड वाजता बंद होतं आणि नंतर कोणालाही आत घेत नाहीत. ॲडमिट कार्डावरची वेळ पाळली तर दोन तास आधीच आत बसावं लागतं, म्हणून साडेदहा-अकराला व्यवस्थित जेवून निघा. पोळी-भाजी, वरण-भात, रोजचंच. अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली. पेन केंद्रावर मिळतं. ॲडमिट कार्डाच्या सूचनेप्रमाणे फोटो चिकटवलेला, हजेरीसाठी एक पासपोर्ट फोटो वेगळा, ओळखपत्र मूळ. मनगटावरचा गंडा-दोरा आदल्या दिवशीच सोडून ठेवा, गेटवर कापताना मुलं रडकुंडीला येतात. पहिला एक तास आणि शेवटचा अर्धा तास स्वच्छतागृहाला सोडत नाहीत, त्यामुळे पाणी घोट-घोट.

पुस्तिका पावणेदोनला मिळते. सील उघडल्यावर आधी पानं मोजा आणि पुस्तिकेवरचा कोड ओएमआरवरच्या कोडशी जुळतो का बघा. जुळत नसेल तर लगेच हात वर करा, नंतर सांगून उपयोग होत नाही.

क्रम असा ठेवा: बायोलॉजी ५० मिनिटं, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६५, उरलेली १५ मिनिटं खूण केलेल्या प्रश्नांना. आणि ओएमआर पानागणिक भरा, शेवटी नाही. १८० गोल, प्रत्येकी ४ सेकंद धरले तरी १२ मिनिटं लागतात. पावणेपाचला सुरुवात केली तर हात थरथरतो. एकेक प्रश्न सोडवून लगेच भरला तर लय तुटते. पान संपलं, त्यातली उत्तरं भरली, पुढे. सगळ्यात महागडी चूक म्हणजे घसरण: ५७ वा प्रश्न सोडला आणि ५८ चं उत्तर ५७ च्या गोलात गेलं. खोडता येत नाही, व्हाइटनर चालत नाही, वीस प्रश्नांनी लक्षात आलं तर वीसही गेले. सोडलेल्या प्रश्नाच्या आकड्याभोवती पुस्तिकेत मोठा चौकोन करा आणि भरताना दर पाच प्रश्नांनी आकडा मनात म्हणा. पुस्तिका घरी मिळते, म्हणून निवडलेला पर्याय तिच्यावरही खुणावून ठेवा.

पुढे ओएमआरची स्कॅन प्रत आणि उत्तरसूची साइटवर येते. पुस्तिकेशी ताळा करा. सूचीतलं उत्तर चुकीचं वाटलं तर एनसीईआरटीचं पान दाखवून प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये भरून आक्षेप घेता येतो.

निकालानंतर मार्कांपेक्षा रँक बघा. २०२४ ला सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते, २०२५ ला पहिल्याचे ६८६. मागच्या वर्षी अमुक मार्कांना मुंबईचं नायर दंत महाविद्यालय मिळालं, हे वाक्य त्यामुळे बिनकामाचं आहे. पात्रतेचा आकडाही वेगळा: २०२५ ला खुल्या प्रवर्गाला १४४, राखीवला ११३. तेवढ्यावर पात्र ठरता, सरकारी जागा मिळत नाही. तुमच्या प्रवर्गात मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीत शेवटची रँक कुठे थांबली, ते सीईटी सेलच्या निवड याद्यांत सापडतं.

नोंदणी दोन ठिकाणी, वेगवेगळी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबई महापालिकेचं नायर यांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी सेलकडून भरतात. उरलेल्या १५ टक्के आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा केंद्राच्या एमसीसीकडून (वैद्यकीय समुपदेशन समितीकडून). राज्याच्या फेरीत एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात येतात, त्यामुळे सरकारी बीडीएस आधी लिहायचं की खासगी एमबीबीएस, हे घरच्यांनी फीचे आकडे समोर ठेवून आधीच ठरवलेलं बरं.

कागदपत्रांत अडतं ते जात वैधता प्रमाणपत्र. ते मिळायला महिने लागतात, अकरावीतच अर्ज करा. नॉन-क्रीमिलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं हवं. बारावीच्या वेळी काढलेलं जुनं प्रमाणपत्र बहुतेक वेळा प्रवेशाच्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेलं असतं, म्हणून नवं एप्रिलमध्येच काढून ठेवा.